नोकरी, लोकल, घर आणि ४२ किलोमीटर: मुंबईत मॅरेथॉनची तयारी करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाटा मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. गणपती उठले की आमच्या धावणाऱ्या गटात नवी माणसं येऊ लागतात आणि त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. मी ठाण्यात राहते, फोर्टात नोकरी करते. त्यामुळे हे लिहिताना माझ्यासमोर आहे तो आठ-नऊ तास काम, दोन-तीन तास प्रवास आणि घरचं सगळं सांभाळून धावू पाहणारा माणूस. ज्यांच्या हाताशी मोकळी सकाळ आणि कोच दोन्ही आहेत, त्यांना यातलं बरंच काही लागू पडणार नाही.

मला आज पाच किलोमीटरही सलग पळता येत नाही. येत्या जानेवारीत फुल मॅरेथॉन जमेल का?

येत्या जानेवारीत नको. त्याच्या पुढच्या जानेवारीत नक्की जमेल. दम आणि हृदय दोन-तीन महिन्यांत तयार होतात, पण स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे आणि खुद्द हाडं यांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. नवीन माणूस जोशात अंतर वाढवतो, श्वास साथ देतो, आणि मग नडगी किंवा टाच बोलू लागते. यंदा दहा किलोमीटर किंवा हाफ म्हणजे २१.१ किलोमीटर करा. मधल्या वर्षात आठवड्याला तीन दिवस धावणं सोडू नका. साताऱ्याची हिल हाफ किंवा डिसेंबरमधली वसई-विरार यांपैकी एखादी करा आणि मग फुलकडे वळा.

जे आज दीड तास आरामात पळू शकतात, वर्षभर नियमित आहेत, त्यांना सप्टेंबरच्या मध्यापासून मोजले तर साधारण १८ आठवडे मिळतात. तेवढे पुरतात. फुलच्या नोंदणीसाठी आधीच्या एखाद्या शर्यतीचं वेळेचं प्रमाणपत्र लागेल का, हे त्या वर्षीच्या नियमांत आधीच पाहून घ्या आणि तशी शर्यत वेळेत उरका.

नोकरी सांभाळून आठवड्याला किती वेळ काढावा लागतो?

सुरुवातीला पाच तास, डिसेंबरात सात-आठ तास. चार धावा आणि वीस-वीस मिनिटांचे व्यायामाचे दोन दिवस. मंगळवारी ४५ ते ५० मिनिटं हलकी धाव, गुरुवारी तेवढाच वेळ पण मधली १५-२० मिनिटं जरा वेगात, शनिवारी अर्धा तास अगदी सैल, रविवारी लांबची धाव. ज्यांना चार जमत नाहीत त्यांनी शनिवारची सोडावी. तीन धावांवर मॅरेथॉन पूर्ण केलेली नोकरदार माणसं मी आमच्याच गटात पाहिली आहेत. मात्र रविवारची सोडून चालत नाही.

सोमवार मुद्दाम मोकळा ठेवा. आदल्या दिवशीची लांबची धाव आणि सोमवारची लोकल, एवढं शरीराला पुरे होतं.

पहाटे उठणं जमत नाही. संध्याकाळी पळलं तर चालेल का?

चालेल. शरीराला घड्याळ कळत नाही, सातत्य कळतं. अडचण एवढीच की मुंबईत संध्याकाळ आपल्या हातात नसते. साहेबांची मीटिंग लांबते, लोकल अडते, घरी पोचेपर्यंत साडेआठ होतात. पहाटे पाच ते सहा या वेळेत मात्र कुणाचा फोन येत नाही.

तरीही एक सोय सांगते, जी दक्षिण मुंबईत नोकरी करणाऱ्यांच्या फारशी लक्षात येत नाही. ऑफिसातच कपडे बदला, बॅग तिथेच ठेवा आणि साडेसहाला मरीन ड्राइव्हवर उतरा. नरिमन पॉइंटपासून चौपाटीपर्यंत आणि तिथून परत मिळून सात किलोमीटर होतात, रस्ता सपाट आणि मध्ये सिग्नल नाही. परत येऊन आवरून आठची लोकल धरली तर साडेसहाच्या गर्दीपेक्षा श्वास घ्यायला जागा असते. एरवी जी पाऊण तास चेंगराचेंगरी झाली असती ती टळते, घरी पोचायला मात्र तास-दीड तास उशीर होतो. वरळी, लोअर परळला असणाऱ्यांना वरळी सी-फेस आहे, वांद्र्याच्या लोकांना कार्टर रोड आहे. आठवड्यात एक-दोन धावा अशा बसल्या तर पहाटेचा गजर तेवढ्या वेळा कमी वाजतो.

पाचला उठायचं म्हणजे झोपेचं काय?

या सगळ्या पानातलं हेच उत्तर मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. धावल्याने माणूस सुधारत नाही. धावल्यानंतर झोपेत शरीर दुरुस्ती करतं तेव्हा सुधारतो. पाच तासांच्या झोपेवर महिनोन् महिने ४० किलोमीटरचे आठवडे काढणारा माणूस डिसेंबरपर्यंत सर्दी-खोकला, चिडचिड आणि एखादी दुखापत यांत अडकतो. हे मी दरवर्षी पाहते आणि दरवर्षी वाईट वाटतं, कारण अशी माणसं बहुधा सगळ्यांत मेहनती असतात.

म्हणून नियम साधा ठेवा: गजर पाचचा असेल तर दिवा दहाच्या आत बंद. ते जमलं नाही आणि झोपायला बारा वाजले, तर सकाळची हलकी धाव बिनदिक्कत सोडा आणि झोपा. रात्री कपडे, मोजे, शूज, पाण्याची बाटली एका जागी काढून ठेवली की सकाळची पंधरा मिनिटं वाचतात. रात्रपाळी करणाऱ्यांनी पाळी संपवून थेट लांबच्या धावेला जाऊ नये. आधी झोप, मग धाव, मग दुपार असली तरी चालेल. कडक ऊन असेल तर ट्रेडमिल.

घरचे कुरकुर करतात. काय करू?

ते बहुतेक वेळा बरोबर असतात. रविवारी पहाटे चारला उठून तुम्ही गेलात, नऊला येऊन जेवलात आणि दुपारभर झोपलात, तर घरातल्या एकुलत्या सुट्टीच्या दिवसाचं काय झालं? पाणी भरणं, मुलांचं आवरणं, नाश्ता हे सगळं कुणीतरी दुसऱ्याने केलं. बहुतेक घरांत ती बाई असते.

मॅरेथॉनची नोंदणी करायच्या आधी घरात बसून बोला. १८ रविवार लागणार आहेत, त्यांतले कुठले लग्नकार्यात, गावी जाण्यात जातील, हे कॅलेंडरवर खुणा करून दाखवा. आणि रविवारची सकाळ घेतलीत तर शनिवारची द्या: त्या दिवशी चहा, नाश्ता, बाजार, मुलांचा क्लास तुमच्याकडे. दोघेही धावत असाल तर एकाने शनिवारी आणि दुसऱ्याने रविवारी लांब पळावं.

धावणाऱ्या बायकांना डब्याचा प्रश्न असतो. सासूबाई काय म्हणतील, पोळ्या कोण करणार, या विचारानेच कित्येकजणी सुरुवात करत नाहीत. भाजी रात्री चिरून ठेवणं, कणीक मळून ठेवणं हे आपण करतोच. पण माझं स्पष्ट मत आहे की मंगळवार-गुरुवारचा डबा घरातल्या दुसऱ्या माणसाने करावा. दोन दिवसांचा प्रश्न आहे. सगळं करून वर पळायचं ठरवलं तर बळी झोपेचाच जातो, आणि झोपेबद्दल वर लिहिलंच आहे.

मी फार हळू पळतो. बाकीचे पुढे निघून जातात. वेग कसा वाढवू?

बहुतेक लोक जितकं हळू पळायला हवं तितकं हळू पळत नाहीत. आठवड्यातल्या अंतरापैकी साधारण ८० टक्के अंतर अशा वेगाने व्हायला हवं की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. दम न लागता मुलाच्या शाळेची गोष्ट सांगता आली तर वेग योग्य. दोन शब्दांनी धाप लागत असेल तर जोर जास्त होतोय. या सैल वेगातच स्नायूंमधल्या केशवाहिन्या वाढतात आणि चरबी जाळून ऊर्जा घेण्याची सवय लागते. ४२ किलोमीटरला नेमकं तेच कामी येतं.

पळा-चाला ही पद्धतही कमीपणाची समजू नका. चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं असं पहिल्यापासून ठरवून केलं तर शेवटचे दहा किलोमीटर पुष्कळ सुसह्य होतात. सगळी शक्ती संपल्यावर चालायला लागणं ही वेगळी गोष्ट.

लांबची धाव किती वाढवत न्यायची?

हाफपर्यंतची तयारी असेल तर सप्टेंबरात १४ किलोमीटरपासून सुरू करा. दर रविवारी दोन किलोमीटर वाढवा आणि दर चौथ्या आठवड्यात कमी करा. म्हणजे १४, १६, १८ आणि मग १४. नंतर २०, २२, २४ आणि मग १६. असं करत डिसेंबरच्या उत्तरार्धात ३० ते ३२ वर या. त्यापुढे सरावात जाण्याची गरज नाही. ज्यांचा वेग सावकाश आहे त्यांनी किलोमीटरऐवजी घड्याळ पाहावं: साडेतीन तास झाले की थांबा, मग अंतर २७ झालं असलं तरी चालेल. त्यापुढे थकवा वाढतो, फायदा वाढत नाही.

डिसेंबरातल्या वसई-विरारमधली हाफ ही रंगीत तालीम म्हणून फार उपयोगी पडते. तिथे जोर लावू नका. शर्यतीचे कपडे, तेच शूज, तेच खाणं वापरून पाहा.

मध्ये एक आठवडा पूर्ण बुडाला. आता काय?

काहीच नाही. जिथे होतात तिथून पुढे चला. बुडालेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात भरून काढायला गेलात की दुखापत होते. तीन आठवडे बुडाले तर दोन आठवडे मागे जाऊन सुरू करा. त्याहून जास्त बुडाले, विशेषतः डेंग्यू, मलेरिया किंवा टायफॉइड होऊन गेला असेल, तर फुल सोडून द्या. हे ऐकायला कुणाला आवडत नाही. पण तापातून उठलेल्या शरीराला शर्यतीची तारीख दाखवून घाई करता येत नाही.

मुंबईत पळायचं कुठे? फुटपाथवर पेव्हर ब्लॉक उखडलेले, रस्त्यावर गाड्या.

पेव्हर ब्लॉकपेक्षा पहाटेचा डांबरी रस्ता बरा, पण समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने पळा, चमकणारी पट्टी असलेला टीशर्ट घाला आणि कानात गाणी नकोत.

जागा आहेत, आणि त्या पुष्कळांना माहीत नसतात. दादरकरांना शिवाजी पार्कचा कट्टा आहे, एक फेरी सव्वा किलोमीटरच्या जवळपास. तिथे पाणी, उजेड, माणसं सगळं आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सकाळी फिरणाऱ्यांसाठी पास मिळतो, आणि कान्हेरी लेण्यांकडे जाणारा रस्ता चढाचा सराव म्हणून उत्तम. गोरेगावला आरेचा रस्ता सुंदर आहे, पण तिथे बिबट्यांचा वावर आहे, म्हणून उजाडल्यावर आणि चार-पाच जणांनी मिळून जा. ठाण्यात उपवन आणि येऊरचा चढ, नवी मुंबईत पाम बीच रोड. नेपियन सी रोडला प्रियदर्शिनी पार्कात सिंथेटिक ट्रॅक आहे, आणि आता कोस्टल रोडलगतचा समुद्राकाठचा लांब पदपथही झाला आहे. मध्ये सिग्नल नसलेला इतका मोठा पट्टा शहरात आधी नव्हता.

जुहूच्या वाळूत हौसेने एखादी धाव घ्या, पण रोज नको. उतरत्या वाळूमुळे एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर-गुडघ्याला ताण येतो.

भटकी कुत्री अंगावर आली तर धावू नका, थांबा आणि चालत पुढे जा. चावलंच, अगदी ओरखडा असला तरी, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. महापालिकेच्या रुग्णालयांत ती मिळते.

पावसात पळायचं का?

साध्या पावसात जरूर. ऊन नसतं, अंग थंड राहतं, सराव छान होतो. डोक्याला टोपी लावा म्हणजे डोळ्यांत पाणी येत नाही. मांड्या, काखा घासतात तिथे पेट्रोलियम जेली लावा. शूज ओले झाले तर आतला तळ काढून वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला. उन्हात किंवा हीटरवर ठेवले तर गोंद सुटतो.

साठलेल्या पाण्यातून मात्र जाऊ नका. लेप्टोस्पायरोसिस हा उंदरांच्या, गुरांच्या मूत्रातून पसरणारा आजार आहे. पायाला लहानशी चीर असली तरी जंतू आत जातात, आणि धावणाऱ्याच्या पायाला फोड-चिरा असतातच. अशा पाण्यातून जावं लागलंच तर पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा. तुंबलेल्या दिवशी इमारतीचा जिना आहे: चढत जायचं, लिफ्टने उतरायचं. उतरताना गुडघ्यांवर भार येतो, तो वाचतो. वीस मिनिटांत चांगला घाम निघतो.

ऑक्टोबरमध्ये वेग एकदम पडला. माझं काही बिघडलंय का?

नाही, हवा बिघडली आहे. ऑक्टोबर हीटमध्ये दमटपणामुळे घाम सुकत नाही, सुकला नाही तर शरीर थंड होत नाही, मग रक्त त्वचेकडे वळतं आणि स्नायूंना कमी मिळतं. त्याच वेगाला नाडी दहा-पंधरा ठोके जास्त पडते. या महिन्यात घड्याळातला पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, पाहणं बंद करा आणि श्वासावर पळा. नोव्हेंबरच्या मध्यानंतर तीच मेहनत तुम्हाला पुढे नेते.

थंडीत दुसरी अडचण येते, धुराची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' नावाचं अ‍ॅप आहे, त्यात तुमच्या जवळच्या केंद्राचा हवेचा निर्देशांक दिसतो. २०० च्या वर असेल तर जोराची धाव घरात किंवा जिममध्ये हलवा. दमा असणाऱ्यांनी त्याहून आधीच थांबावं.

शूज कुठले घ्यावेत?

जे पायाला बसतात ते. संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, टाच आत सरकता कामा नये. दुकानात पळून पाहा. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळातला मऊपणा संपतो, वरून नवे दिसत असले तरी. शर्यतीत घालायचे शूज किमान सहा-सात आठवडे आधी घ्या. कार्बन प्लेटवाल्या महागड्या शूजची पहिल्या मॅरेथॉनला गरज नाही.

जिमला जायला वेळ नाही. नुसतं पळून चालेल?

जिम नको, पण ताकदीचा व्यायाम हवा. घरातल्या खोलीत होतो. बैठका, एका पायावर टाचा उचलणं, उताणं झोपून कंबर वर उचलणं, प्लँक, आणि पायरीवर एकेक पाय ठेवून चढउतार. वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा. पोटऱ्यांसाठी टाचा उचलण्याचा व्यायाम ओट्याशी कुकरच्या शिट्ट्यांची वाट पाहतानाही होतो. गुडघे दुखतात म्हणून येणाऱ्या बहुतेकांचे नितंब आणि मांड्या अशक्त असतात. दिवसभर खुर्चीत बसण्याचा तो परिणाम. आणि धावल्याने गुडघे झिजतात ही भीती मनातून काढा. हौशी, बेताने धावणाऱ्यांच्या गुडघ्यांना बैठ्या माणसांपेक्षा जास्त झीज होते असं आढळलेलं नाही.

खायचं काय? प्रोटीन पावडर लागते का?

आपलं नेहमीचं जेवण चांगलंच आहे, त्यात प्रथिनं मात्र कमी पडतात. वजनाच्या दर किलोला दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं हवीत. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९६ ग्रॅम. शाकाहारी घरात पोळी-भाजीवर हा आकडा गाठत नाही. वाटीभर डाळीऐवजी दोन वाट्या, रोज एक उसळ, दही, पनीर किंवा सोयाबीन, चालत असतील तर अंडी आणि मासे. एवढं नियमित होत असेल तर पावडर लागत नाही.

जेवणाबरोबर चहा नको. चहातल्या घटकांमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तासाभराचं अंतर ठेवा आणि उसळीवर लिंबू पिळा.

लांबच्या धावेच्या आदल्या रात्री वरण-भात, बटाट्याची भाजी असं साधं, कमी तेलाचं. सकाळी निघण्याआधी केळं किंवा ब्रेड-जॅम. दीड तासाहून जास्त पळणार असाल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात. राजगिऱ्याची चिक्की, खजूर, धावताना खायचं पुडीतलं जेल, जे पोटाला चालतं ते. पण ते पोटाला चालतं की नाही हे रविवारीच तपासायचं. स्नायूंतला आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतो, आणि पाय अचानक शिशाचे होतात. धावणारे त्याला 'वॉल' म्हणतात. पहिल्या तासापासून थोडं थोडं खाल्लं तर ती बरीच पुढे ढकलता येते. भूक लागल्यावर खायला गेलात तर उशीर झालेला असतो.

पाणी किती प्यायचं?

तहान लागेल तसं, घोट घोट. एकदा लांबच्या धावेआधी आणि नंतर वजन करून पाहा. एक किलो कमी झालं म्हणजे जवळपास लिटरभर घाम गेला. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत घट चालते. वजन वाढलं असेल तर मात्र पाणी जास्त झालंय, आणि ते धोक्याचं आहे: रक्तातलं सोडियम पातळ होऊन डोकं दुखणं, मळमळ, भ्रम आणि क्वचित झटके येऊ शकतात. सावकाश पळणाऱ्यांमध्ये, प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास पिणाऱ्यांमध्ये हे जास्त दिसतं. औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच घाला, कमी-जास्त नको.

नवरात्राचे उपवास आणि दिवाळीचा फराळ यांचं काय करायचं?

नऊ दिवस कडक उपवास असतील तर त्या काळात हलक्याच धावा ठेवा आणि लांबची धाव १२-१४ किलोमीटरवर आणा. फळं, दूध, राजगिरा, रताळं भरपूर घ्या. निर्जळी उपवासाच्या दिवशी पळू नका. फराळ खा, आनंदाने खा. फक्त लांबच्या धावेच्या आदल्या संध्याकाळी चकली-शेव नको, पोटात जळजळ होते. गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाणार असाल तर शूज बॅगेत टाका. कोकणातल्या रस्त्यांवर चढउतार आपोआप मिळतात.

पाळीच्या दिवसांत पळू का? आणि पहाटे एकटीने जायला भीती वाटते.

बरं वाटत असेल तर पळा, पोटात दुखत असेल तर विश्रांती घ्या. अपराधी वाटण्याचं कारण नाही. पण सराव वाढल्यावर पाळी दोन-तीन महिने आलीच नाही, तर ती दुर्लक्ष करण्याची गोष्ट नाही. खाणं कमी पडतंय असा त्याचा अर्थ बहुधा असतो, आणि हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरांना भेटा. सतत थकवा असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. आमच्या गटातल्या कित्येक जणींची 'क्षमता कमी आहे' ही समजूत तपासणीनंतर लोहाची कमतरता निघाली.

एकटीने अंधारात जाऊ नका असं सांगताना मला बरं वाटत नाही, रस्ता सगळ्यांचाच आहे. तरी सोबत शोधा: सोसायटीतली एखादी, शिवाजी पार्क, मरीन ड्राइव्हसारखी वर्दळीची जागा, आणि घरच्या कुणाकडे फोनचं लाइव्ह लोकेशन. चांगली स्पोर्ट्स ब्रा ही शूजइतकीच आवश्यक आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर यांनी याच मुंबईच्या रस्त्यांवर भारतीय महिलांमध्ये लागोपाठ तीन वर्षं पहिला क्रमांक मिळवला आणि पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठली. आपल्या मुलींना हे सांगत जा.

आधी डॉक्टरांकडे जायला हवं का?

चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह, रक्तदाब, सिगारेट किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल तर जायलाच हवं. ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट यांतलं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. छातीत दडपण, डावा हात किंवा जबडा दुखणं, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही जाणवलं तर त्या क्षणी थांबा. अ‍ॅसिडिटी असेल म्हणून पुढे पळत राहू नका. ताप असताना, आणि तापानंतरचे काही दिवसही, धावणं बंद.

थोडं दुखतंय. पळत राहू की थांबू?

दोन्ही पाय सारखेच अवघडले असतील, चालू लागल्यावर बरं वाटत असेल, तर तो कामाचा थकवा आहे. एकाच बाजूला, एकाच जागी दुखत असेल आणि पळताना वाढत असेल तर थांबा. नडगीच्या हाडावर एका बोटाने दाबल्यावर कळ येत असेल तर हाडाला चीर गेल्याची शंका घ्या आणि ऑर्थोपेडिककडे जा. गोळी घेऊन पळणं अजिबात नको. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधं घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडांना इजा करू शकतात. शर्यतीच्या दिवशी तर नकोच.

शेवटच्या तीन आठवड्यांत काय करायचं?

कमी करायचं. सर्वांत लांबची धाव शर्यतीच्या तीन आठवडे आधी संपवा. मग रविवारी २०, पुढच्या रविवारी १२, मधल्या धावा छोट्या. पाय वळवळतात, नको ते दुखल्यासारखं वाटतं, तयारी कमी पडली असं वाटून कुणीतरी हटकून आदल्या आठवड्यात २५ किलोमीटर पळून येतं. तसं करू नका. त्या आठवड्यात मिळवण्यासारखं काही उरलेलं नसतं. वाचलेला वेळ झोपेला द्या, ऑफिसातली राहिलेली कामं उरका. बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, घ्यायला शर्यतीआधीच्या एक्स्पोला (प्रदर्शनाला) जाल तेव्हा तासन् तास उभं राहू नका. शेवटचे दोन दिवस ताटात भाताचं, बटाट्याचं प्रमाण वाढवा आणि कच्च्या कोशिंबिरी, बाहेरचं खाणं टाळा. आदल्या रात्री झोप लागत नाही, कुणालाच लागत नाही. त्याच्या आदल्या रात्रीची झोप खरी.

शर्यतीच्या दिवशी काय लक्षात ठेवू?

फुल मॅरेथॉन पहाटे अंधारात सीएसएमटीपासून सुटते. हाफ गेल्या काही वर्षांत माहीम कॉजवेपासून. दोन्ही ठिकाणी वेळेत पोचायचा बेत आठवडाभर आधी करा. रेल्वे त्या पहाटे जादा लोकल सोडते, त्यांचं वेळापत्रक आधी पाहून ठेवा. लांब राहणाऱ्यांनी शक्य असेल तर रात्री दादर-गिरगावकडच्या नातेवाइकांकडे मुक्काम करावा.

सुरुवातीला थंडावा असतो, बँड वाजत असतो, सगळे सुसाट सुटतात. पहिले दहा किलोमीटर मुद्दाम मागे राहा. पुढे सी लिंक येतो. एरवी तिथे पायी जायला बंदी आहे, त्यामुळे मान वर करून बघून घ्या, पण वाऱ्याच्या भरात वेग वाढवू नका. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो, म्हणजे सावकाश पळणाऱ्यांची निम्मी शर्यत उन्हात असते. टोपी बरोबर हवी. आणि परतताना तिसावा किलोमीटर ओलांडल्यावर पेडर रोडचा चढ येतो. येऊरला किंवा कान्हेरीच्या रस्त्यावर केलेला सराव तिथे वसूल होतो. पावलं लहान करा, हात हलवत ठेवा, चालावं लागलं तर झपाझप चाला. रस्त्याच्या कडेला माणसं संत्री, बिस्किटं, मीठ घेऊन उभी असतात. नाव घेऊन हाक मारतात, कारण ते बिबवर छापलेलं असतं. त्यांना हात करा. पोटाला सवय नसलेलं मात्र खाऊ नका.

सोमवारी कामावर जाता येईल का?

जाता येतं, पण जमलं तर सुट्टी आधीच टाकून ठेवा. चढण्यापेक्षा उतरणं जास्त दुखतं आणि स्टेशनचे पूल टाळता येत नाहीत; कठडा धरून, गर्दी ओसरल्यावर उतरा. शर्यत संपल्यावर लगेच बसू नका, पंधरा-वीस मिनिटं चालत राहा, कोरडा टीशर्ट घाला आणि तासाभराच्या आत पोटभर जेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं सर्वांत जास्त असतं, ते आठवड्यात जातं. लघवी चहासारखी गडद होत असेल किंवा होतच नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पहिला आठवडा फक्त चाला, दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या तासाच्या सैल धावा घ्या. आणि पुढचे दोन-तीन रविवार घरच्यांचे, हे आधी ठरल्याप्रमाणे.